उर्फ चिंगी लिहू नका

ताटात तांदूळ पसरले होते आणि कोठीतल्या धाकट्या मालकांनी अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं. वैजयंती. बायका वाकून वाचत होत्या, "अगंबाई, किती छान!" म्हणत होत्या. मी पेढ्यांचं तबक धरून तिथंच उभी. शाळकरी पोर. मला हसूच फुटलं. कारण ते माझं नाव होतं. बापानं हौसेनं ठेवलेलं.

"माईसाहेब, माझंपण हेच नाव!" मी बोलून गेले.

बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. माईसाहेब म्हणजे त्या वाड्याएवढ्या कोठीच्या मालकीणबाई. माझी आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती आणि बाप वारल्यापासून आम्ही दोघी कोठीमागच्या खोलीत राहायचो. माईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाल्या, "आजपासून हिला चिंगी म्हणायचं. सुनेला हाक मारावी आणि मोलकरणीच्या पोरीनं ओ द्यावी, हे बरं दिसेल का?"

बायका हसल्या. आईपण हसली. आईचं ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चिंगी. कोठीत चिंगी, आमच्या अख्ख्या खासगी बाजार पेठेत चिंगी. किराणेवाला, इस्त्रीवाला, दूधवाला, सगळे "ए चिंगी". आईसुद्धा खोलीत तेच म्हणायला लागली. म्हणायची, "जिभेला सवय असू दे, नाहीतर त्यांच्यासमोर चुकून निघायचं." माझा बाप शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, ट्रक चालवायचा. त्याचे आजे-पणजे फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले, तलवार धरून आले, असं तो मिशीला पीळ देत सांगायचा. तलवारीचं काय झालं देव जाणे. पोरीचं नावसुद्धा राखता आलं नाही आम्हाला.

शाळेत हजेरीच्या वेळी तेवढी मी वैजयंती असायची. मग लग्न झालं. मुरारला भाड्याचं घर, नवरा हॉटेलात स्वयंपाकी. त्यानं पहिल्या दिवशी मला "वैजयंती" अशी हाक मारली आणि मी मोरीत जाऊन रडले. त्याला वाटलं, माहेरची आठवण आली.

पुढं त्याला कॅनडात काम मिळालं. म्हणाला, तुम्हा दोघींना बोलावून घेईपर्यंत भाडं कशाला भरायचं, आईकडे राहा. म्हणून मी पोरीला, रेवाला, घेऊन परत त्याच खोलीत. खोली फुकट, म्हणून भांडी आमच्याकडे, झाडू आमच्याकडे. आणि फाटकात पाय ठेवल्या ठेवल्या, "आली का चिंगी!"

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली दिल्लीची. कागद गोळा करताना जीव मेटाकुटीला आला. लग्नाचा दाखला, रेवाच्या जन्माचा दाखला, नगर निगमच्या खिडक्यांसमोर उभं राहून पायांचे तुकडे पडले. पण मिळाले. सगळ्यांवर माझं नाव नीट, खणखणीत. उरला तो फक्त पोलिसांचा दाखला. पासपोर्टच्या वेळी आम्ही मुरारला होतो, तिथं शेजाऱ्यांनी पटकन सांगितलं होतं, हो, राहते. म्हणून मी निर्धास्त होते. मी पडाव भागातल्या स्टुडिओत फोटो काढायला गेले आणि नेमका तेव्हाच शिपाई चौकशीला आला. पत्ता कोठीचा, म्हणून त्यानं पुढच्या दाराची घंटी वाजवली.

संध्याकाळी ठाण्यात तो मला म्हणाला, "मैडम, वहाँ तो आपको कोई जानता ही नहीं. माताजी ने बोला, वैजयंती हमारी बहू है, वो कहीं नहीं जा रही. मैंने लिख दिया, इस पते पर नहीं मिली."

मी हातापाया पडले त्याच्या. खोटं कशाला बोलू, पडले. "कल फिर आ जाता हूँ," म्हणाला.

कोठीत जाऊन माईसाहेबांना सांगितलं तर त्या खो खो हसल्या. "अगं, मग चिंगी म्हणून सांगायचं ना त्याला! आम्हाला काय ठाऊक?"

आम्हाला काय ठाऊक! सारं ठाऊक होतं हो. वहिनीसाहेब, तीच ती ताटातल्या नावाची सून, शेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. जिन्यापाशी गाठून त्या हळूच म्हणाल्या, "मला तरी कुठं कुणी विचारलं होतं गं? मी माहेरची सुनीता." डोळे भरले होते त्यांचे. मला मात्र दया आली नाही. त्यांचं नाव गेलं, बदल्यात कोठीच्या किल्ल्या मिळाल्या. मला झाडू.

दुसऱ्या दिवशी शिपाई बैठकीत खुर्चीवर, माईसाहेब सोफ्यावर. मी आणि रेवा दाराशी उभ्या. आई पडद्याआड.

"हाँ हाँ, यही है," माईसाहेब म्हणाल्या. "हमारी चिंगी. पूरा बाज़ार इसी नाम से जानता है."

"ठीक है," शिपाई म्हणाला. "वैजयंती उर्फ चिंगी लिख देता हूँ. रिपोर्ट आज ही चली जाएगी."

आजच! पुढच्या आठवड्यात दिल्ली. मी मान हलवली. हो, हलवली. म्हटलं, लिही बाबा, काय लिहायचं ते लिही, पण आम्हाला इथून सुटू दे.

माईसाहेब खुशीत होत्या. उपकार केले ना. रेवाकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ही आमची छोटी चिंगी. जा गं छोटी चिंगे, साहेबांना पाणी आण."

"जी माईसाहेब," रेवा म्हणाली आणि गेली.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. लगेच गेली. म्हणजे मी भांडी घासत होते तेव्हा कधीतरी हे रुळलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"उर्फ मत लिखिए," मी म्हणाले.

"क्या?"

"उर्फ नहीं. मेरा एक ही नाम है. बेटी का भी एक ही है."

पडद्यामागून आई कुजबुजली, "चिंगे, गप बस."

शिपाई वैतागला. "देखिए, पता इनका, गवाही इनकी. उर्फ नहीं तो मैं क्या लिखूँ?"

"तो पहले जो लिखा था, वही रहने दीजिए. इस पते पर चिंगी रहती होगी. मैं नहीं रहती."

तेवढ्यात रेवा पाणी घेऊन आली. मी तिच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि माईसाहेबांच्या समोरच्या तिपाईवर ठेवला. "तुमचे पाहुणे, तुम्ही द्या," म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू!

दिल्लीची मुलाखत हुकली. नवरा फोनवर ओरडला, "एका शब्दापायी?" होय, एका शब्दापायी. आणखी सहा महिने लागोत, वर्ष लागो. मुरारला त्याच जुन्या गल्लीत खोली बघितली. तिथल्या पत्त्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा ठाणं, पुन्हा सगळं.

त्या दिवशी कोठीत रात्रीपर्यंत थांबलेच नाही. दुपारीच बोचकी बांधली. आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "त्यांच्या अन्नावर वाढलीस आणि असं तोंड वर करून बोललीस?" म्हटलं, "आई, एकदा माझं नाव घे." ती उठून चुलीकडे वळली.

रिक्षा उभी होती. रेवा आत बसली. आई फाटकापर्यंत आली. "चिंगे," तिनं हाक मारली. "अगं चिंगे, थांब. चिंगे!"

मी ओ दिली नाही. त्या नावाला आता मी कुणालाच ओ देणार नाही. आईलासुद्धा नाही.