‘स्थळ जमले’ची लिंक

आमच्या समाजाच्या वधूवर परिचयाची वेबसाइट मी पवनीत घरी बसून तयार केली. पानाचा साचा सर्व्हरवर होता आणि त्यात मी छोटी छोटी फंक्शन्स, म्हणजे एकेका कामाच्या सूचना, लिहिली होती. लिंकमध्ये फंक्शनचे नाव घातले, की ती दाबताच सर्व्हर ते काम करून टाकी. मुलामुलींच्या आईवडिलांच्या लक्षात पासवर्ड राहत नाहीत म्हणून मी पासवर्ड ठेवलाच नाही. प्रत्येक घरी फोनवर दोन लिंक पाठवल्या. एक बायोडाटा पाहण्याची, दुसरी ‘स्थळ जमले’ असे कळवण्याची. या सोयीचा मला अभिमान होता.

अड्याळच्या माझ्या मावसभावाने आपल्या मुलीचा बायोडाटा नातेवाइकांना दाखवायचा म्हणून चुकून दुसरी लिंक पुढे पाठवली. मुलीच्या शहापूरच्या आत्याने फोटो पाहायला ती दाबली. बायोडाटा पानावरून गेला आणि सगळ्या सभासदांना संदेश गेला: मुलीचे स्थळ जमले, अभिनंदन!

रविवारी तिला पाहायला येणारे पाहुणे आलेच नाहीत.

मी घाईने बायोडाटा परत लावला, आणि ते अधिकच वाईट झाले. जमलेले स्थळ पुन्हा पानावर दिसले, की आमच्याकडे लोक त्याचा एकच अर्थ घेतात. शेवटी मावसभावाला घेऊन मी त्या पाहुण्यांकडे गेलो, लिंक काय, फंक्शन काय, सगळे सांगितले. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, ऐकून घेतले.

“भाऊ, लिंक दाबल्यानं कोणाचं लगन जमते का? मोडलं काहून, तेवढं सांगा.”

“मोडलं नाही जी. जमलंच नव्हतं,” मी म्हणालो.

“मंग अभिनंदन कायचं केलं तुमी?”

परतताना गाडीवर मागे बसलेला मावसभाऊ एवढेच म्हणाला, “आता कोणाले समजावू नोको बाबू. तू जेवढं समजावतं, तेवढं लोकं इचारते.”

लिंकने फक्त पान दाखवावे आणि बदल करायला वेगळे बटण, पासवर्ड असावा, ही दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी केली. इतके सोपे होते ते. पण पुढे जी स्थळे आली, त्यांनीही आधी तोच प्रश्न विचारला आणि मग निरोप पाठवला नाही.

परवा विहारात वंदनेनंतर मावसभावाची ती मुलगी भेटली. मी पुन्हा माफी मागू लागलो, तर तिने चप्पल घालता घालता मला थांबवले.

“जाऊ द्या ना काका. मी आता ‘मोडलं होतं’ असंच सांगून देते. मंग कोणी जास्त विचारत नाही.”

तिने हे चिडून म्हटले असते, तर मला बरे वाटले असते.