काकूंच्या ताटातली तर्री

दुसऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची काळजी वाहण्यात आमच्या शेजारच्या काकांचा हात धरणारा माणूस साऱ्या नागपुरात नव्हता. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. एखादी बाई खोल कढई मागू लागली की काका तिच्याकडे डॉक्टरसारखे पाहत. "काहून वं माय, रोज काय तळून राहिली? तवा घे, पसरट. घरधनी टिकन तुझा." बाई रागाने समोरच्या दुकानात जाई आणि तिथून कढई घेई. काकांना त्याचं काहीच वाटत नसे. एक नवरा वाचवायचा प्रयत्न आपण केला, एवढं समाधान त्यांना पुरे. लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याच्या पानातल्या पुऱ्यांकडे असे बघत, की त्याचा हात आखडत असे. आमच्या घरी पोहे दिले तर आधी बशी तिरकी करून किती तेल निथळतं ते पाहत, आणि मग आईला म्हणत, "वहिनी, पोहे पोहून राहिले यात."

हे सगळं काकूंच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हापासूनचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली, तिच्यात चरबी कशी साचत जाते ते पेन्सिलीने गिरवून दाखवलं आणि तूप, साय, अंड्यातलं पिवळं, तळण सगळं बंद केलं. काका विणकरांच्या घरातले. हातमाग त्यांच्या वडिलांबरोबरच थांबला, पण घरची चव थांबली नव्हती. त्यांच्या सावजी मटणावर जवसाच्या तेलाची लालभडक तर्री तरंगायची. वास आला की माझे शाकाहारी बाबा खिडकी लावून घेत, आणि थोड्या वेळाने हळूच उघडत. अशा घरात ते पथ्य शिरलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर काका आईला एवढंच म्हणाले, "हे गेली तर मी भांडू कोणाशी?"

मी इंग्रजी शाळेत शिकत होते आणि फारशी कोणाशी बोलत नव्हते. या दोन्ही गोष्टींमुळे काकांचा माझ्यावर विश्वास होता. करडईच्या तेलाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचायला ते मला बोलावत आणि मी निमूटपणे जाई. त्यामुळे त्यांचं स्वयंपाकघर मी पुष्कळ पाहिलं आहे. उकडलेलं अंडं ते सुरीने कधी कापत नसत. सुती दोऱ्याने त्याचे दोन भाग करत आणि पिवळं चमच्याने अलगद उचलत. काकूंच्या दुधावरची साय, ओलं कापड उचलावं तशी, अखंड काढत. रविवारी रस्सा निवत ठेवून वरचा तर्रीचा थर पळीने वेगळ्या वाटीत घेत. मग पिवळं, साय आणि तर्री, तिन्ही स्वतः खात. फेकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"अवो, माझ्या वाट्याचं माझ्यासमोर तरी नका खाऊ," काकू म्हणत.

"टाकून देऊ का मग? अन्न आहे ते!"

"आणि तुमच्या नळ्या?"

"मले काय धाड भरली? खाऊ दे गुमान. मी खाल्लं म्हंजे तुह्या पोटात जात नाही. हिशोब सरळ आहे."

काकू पदराआड हसत. मीही खाली बघून हसत असे.

दर तपासणीला डॉक्टर काकूंच्या प्रकृतीवर खूश असत. काका खुर्ची ओढून अगदी पुढे बसत, आठवडाभर काय शिजलं ते बारीकसारीक सांगत. रक्तदाबाचा पट्टा मात्र काकूंच्याच दंडाला बांधला जाई. काकांना "दंड पुढे करा" असं कोणी म्हटलं नाही, त्यांनीही केला नाही.

एका दुपारी दुकानात परातींची चळत लावता लावता ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. समाचाराला येणारा प्रत्येक जण हळहळत होता, "पण त्यांचं तर केवढं पथ्य होतं!" सगळे उठून गेल्यावर काकू आईला हळूच म्हणाल्या, "पथ्य माझं होतं."

पुढच्या तपासणीला काकूंबरोबर मी गेले. काका पुढे ओढून बसत ती खुर्ची रिकामी होती. आठवडाभर काय खाल्लं ते काकूंनी स्वतः सांगितलं, अगदी दोन वाक्यांत. डॉक्टरांनी छाती तपासली, कागद चाळले आणि मनापासून हसून म्हणाले, सगळं उत्तम आहे, अजून पुष्कळ वर्षं काढाल.

बाहेर पायरीवर काकू थांबल्या. "अजून पुष्कळ वर्षं, डॉक्टर म्हणते," त्या म्हणाल्या. फलाटावर कोणी गाडी उशिरा असल्याचं सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

मी सायकलरिक्षा थांबवली. काकू आधी चढल्या आणि एका रुंद माणसाशेजारी बसायची सवय असल्यासारख्या अगदी कडेला सरकून, अंग चोरून बसल्या. मी बाजूला बसले तरी आमच्यामध्ये पुष्कळ जागा उरली. घर येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या, आणि मीही त्या जागेवर सरकले नाही.