रिकाम्या कोपऱ्याचा रंग

गिऱ्हाईक रंग ठरवायला येणार असलं की मी आधी टेबल मोकळं करते, त्यावर पांढरा कागद अंथरते आणि ट्यूबलाइट बंद करून शटर पूर्ण वर करायला लावते. ट्यूबखाली पास केलेला रंग जागेवर लावला की वेगळाच दिसतो आणि मग भांडणं होतात. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमचं पडदे, गाद्या आणि सोफ्याच्या कव्हरांचं वर्कशॉप आहे. मोजमापं आणि फिटिंग नवरा बघतो. रंग, कापड, तारखा आणि गिऱ्हाइकाची सही माझ्याकडे. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि ते मीच लिहिते. कार्डावर नसलेलं काम आमच्याकडे होत नाही, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत आले.

ती बाई उझबेक होती, बुखाऱ्याची, साधारण माझ्याच वयाची. शारजात चहाघर काढत होती. हिंदी ती सिनेमे बघून शिकलेली, त्यामुळे साध्या वाक्यातही मध्येच 'कसम से' यायचं. आमच्याआधी एका डिझायनरनं तिला अकरा छटांचा तक्ता करून दिला होता. तिनं तो पर्समधून काढला, चार घड्या घातल्या आणि आमच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला.

"इतने रंग, बाजार हो जाता है," ती म्हणाली. "मेरे को तीन. बस."

तिनं आधी चहाचा एक वाडगा ठेवला, कडेला टवका उडालेला. त्याचा निळा म्हणजे तिच्या गावातल्या घुमटांचा निळा. मग पिशवीतून एक मोठी घडी काढून टेबलभर पसरली. सुझनी. सुईकामाची चादर, त्यांच्याकडे लेकीच्या लग्नासाठी आई करते आणि नवरीच्या खोलीत ती भिंतीवर लागते. हातमागाच्या जुन्या, पिवळसर कापडावर ताटाएवढी गोल फुलं, सगळी डाळिंबाच्या सालीच्या आतल्या लालीची. दुसरा रंग हा. तिसरा रंग दाखवताना तिनं चादरीचा खालचा डावा कोपरा उचलला. तिथं भरतकाम नव्हतं. नुसतं कापड होतं.

"ये. खाली वाला. हमारी ईंट, हमारी दीवार, सब ये रंग."

मी कार्डावर लिहिलं: एक, वाडग्याचा निळा. दोन, फुलाचा लाल. तीन, कोपऱ्याचं कोरं कापड. लिहिता लिहिता माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथं शाईनं एक फूल आखलेलं होतं, सात पाकळ्यांचं, शाई फिकी झालेली. मधला गोल तेवढा भरलेला. पाकळ्या रिकाम्या.

"कुणी केली ही?" मी हिंदीतच विचारलं.

"अम्मी. मेरी शादी में. अब नहीं है."

मी "अरेरे" म्हणाले. तिनं मान हलवली. रंग जुळवायला चादर दहा दिवस आमच्याकडे ठेवायची असं ठरलं आणि तिनं ती दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. निघताना म्हणाली, "सँभालना, ओपा." ओपा म्हणजे ताई, हे तिनंच सांगितलं.

आई आजारी पडली असेल, शेवटचं फूल राहून गेलं असेल, हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. विचारलं नाही. पुढच्या ओळीवर गेले: पडद्यांची उंची.

आता माझी एक सवय सांगायला हवी. प्रत्येक कामात मी कोटेशनबाहेरची एक गोष्ट करून देते, न सांगता. एका घरी पडदे लावले तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाईंच्या उशीची तुटलेली चेन बदलून दिली. एका दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीचा फाटका हात शिवून दिला. पडदे लोक विसरतात, हे लक्षात ठेवतात. या बाईसाठी काय करायचं, ते मला त्याच संध्याकाळी सुचलं आणि मी खूश झाले. राहिलेलं फूल पुरं करून द्यायचं. कार्डावर शेवटी तशी ओळही लिहिली.

आमचे भरतकामाचे मास्टरजी बरेलीचे, साठीला टेकलेले. त्यांनी चादर घेतली, पालथी केली आणि बराच वेळ मागची बाजू बघत राहिले.

"मैडम, ये छूटा हुआ नहीं है. छोड़ा हुआ है."

"म्हणजे?"

"देखिए. धागा गाँठ मारके, अंदर घुमाके, बंद किया है. जिसका काम बीच में रुकता है उसका धागा लटकता है. पूछ लीजिए उनसे."

"विचारलं तर सरप्राइज कसलं, मास्टरजी? गुरुवारपर्यंत पाहिजे."

त्यांनी चादरीची घडी घातली. मला 'नाही' म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि ती मीच लागू दिलेली नव्हती.

लाल दोऱ्यासाठी मी स्वतः बर दुबईला गेले. मीना बाजारात मी चादरीचा कोपरा पिशवीतून बाहेर काढायचे, दोऱ्याची लडी घेऊन दुकानाबाहेर उन्हात यायचे, परत आत जायचे. चौथ्या फेरीला दुकानदार म्हणाला, "भाभी, दुकान ही बाहर लगा दूँ क्या?" सहाव्या लडीला रंग जुळला. इतका जुळला की मी उन्हात उभी राहून एकटीच हसले.

मास्टरजींनी दोन दिवसांत सात पाकळ्या भरल्या. लांब दोरा आडवा टाकून त्यावर बारीक तिरके टाके, अगदी मूळ हातासारखे. काम झाल्यावर आमच्या पद्धतीप्रमाणे ओल्या फडक्यानं आखणीची शाई पुसली, मागून हलकी इस्त्री फिरवली. मी कार्डावर त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

सोमवारी कापडाचे नमुने घेऊन मी शारजाला गेले. चहाघराच्या भिंतींना पहिला हात लागला होता आणि जमिनीवर प्लास्टिक पसरलेलं होतं. आम्ही दोघी उलट्या बादल्यांवर बसलो. निळा तिला जरा हिरवट वाटला, लाल पटला. तिसऱ्यावर तिनं तळहात ठेवला आणि फिरवला.

"ये सही. कसम से, ये वही."

मग तिनं थर्मासमधून चहा ओतला आणि मला बातमी दिली. मुलीचं लग्न ठरलं होतं. तीन आठवड्यांनी, बुखाऱ्यात. येत्या गुरुवारी ती चादर न्यायला येणार होती, कारण चादर मुलीबरोबर सासरी जाणार होती.

"तुला सगळ्या रंगांत हाच का हवा होता?" मी सहज विचारलं. "घरभर लाल-निळं आहे, आणि तू भिंतींना कोऱ्या कापडाचा रंग मागतेस."

तिनं सांगितलं. तिच्या हिंदीत, हातांनी, मध्येच इंग्रजी घेत. त्यांच्याकडे आई सुझनी कधीच पुरी करत नाही. थोडं तरी सोडते. पुरी केली तर घरातली लग्नं संपली, हात थांबला, असं होतं. सोडलेला तुकडा लेकीचा. तिच्या आईनं कोपरा तिच्यासाठी सोडला होता. तिनं त्याला सुई लावली नाही. एकुलती मुलगी, तिला देताना आजीनं सोडलेलंच द्यायचं, असं तिनं मुलगी जन्मली तेव्हाच ठरवलं होतं.

"मेरी बेटी ने नानी को देखा नहीं," ती म्हणाली. "फोटो देखा है. लेकिन वो कोना, वो नानी का है. खाली है, इसलिए नानी का."

माझ्या हातात चहाचा वाडगा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "किती छान."

परतीच्या रस्त्यावर मी काय काय विसरले ते मोजत बसले आणि लक्षात आलं की मी काहीच विसरले नव्हते. सगळं कार्डावर होतं. मास्टरजींचं बोलणं तेवढं कार्डावर नव्हतं.

वर्कशॉपला पोचल्याबरोबर मी मास्टरजींना सगळं सांगितलं. त्यांनी 'मैंने कहा था' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, एका पाकळीच्या टोकाचे तीन टाके रिपरनं उसवले आणि मला जवळ बोलावलं. कापड जुनं, दोरा पिळाचा. टाक्यांच्या जागी बारीक भोकं दिसत होती, आणि इस्त्रीच्या वाफेनं लालीची पुसटशी सावली कापडात उतरली होती. शाईची रेघ तर आम्हीच पुसलेली.

"निकल जाएगा," ते म्हणाले. "पर पहले जैसा कोरा नहीं होगा."

"आणि आखणी?"

"आपके पास फोटो है न."

होता. प्रत्येक वस्तू ताब्यात घेताना मी फोटो काढते. कोपऱ्याचा वेगळा, जवळून. त्यावरून मास्टरजी रेघ न् रेघ परत आखू शकले असते. फिकी शाई चहाच्या पाण्यात करता येते. सावली लिंबानं थोडी उतरली असती. गुरुवारपर्यंत वेळ होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता.

"मग तेच करा. परत आखा," तो म्हणाला. "तिला कळणार आहे थोडंच."

"अहो, पण ते तिच्या आईचं राहणार नाही ना."

"आत्ता तरी कुठं राहिलंय? आत्ता ते बरेलीचं झालंय." आणि माझा चेहरा बघून, "अगं, सांगून काय मिळणार? तुझं मन हलकं होईल, तिचं लग्नघर जड होईल. आठवडाभर रडशील, खलास. तिला तर जन्मभर टोचेल."

त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला झोप लागेना. मी वही काढून पर्याय लिहिले. उसवून परत आखणे. तसंच देणे, ती बघेल तेव्हा बघेल. सांगणे. प्रत्येकापुढे फायदा-तोटा लिहायची माझी रीत आहे. 'सांगणे'पुढे फायद्याच्या रकान्यात काही लिहिता येईना. तरी सकाळी मी मास्टरजींना म्हणाले, "ठेवा रिपर. आता तुम्ही-आम्ही त्याला हात लावायचा नाही." एकदा न विचारता केलं होतं, आता न सांगता करायचं नव्हतं. एवढंच मला नक्की कळत होतं.

बुधवारी चादर घेऊन मी शारजाला गेले. फोन केला असता तर तिनं 'कल मैं आती हूँ' म्हटलं असतं आणि मी 'बरं' म्हटलं असतं, म्हणून केला नाही. ती खिडकीशी उभी होती. मी घडी तिच्यापुढे उलगडली आणि कोपरा वर आणला. वाक्य तयार करून नेलं होतं, ते तोंडातून फुटायच्या आत तिनं बघितलं.

आधी तिला समजलंच नाही. ती दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली, मग तिसऱ्या. चारही बघून परत आली आणि फुलावर बोट ठेवलं.

"मी केलं," मी म्हणाले. "मला वाटलं, राहिलंय. तुला भेट म्हणून. मास्टरजींनी सांगितलं होतं विचारा, मी विचारलं नाही. चूक माझी." मी मराठीत बोलत होते हे मला मागाहून कळलं. हिंदीत परत सांगितलं. सोमवारी कळूनही गप्प राहिले, तेही सांगितलं.

ती ओरडली असती तर मी तयार होते. तिनं चादर पालटली आणि मास्टरजींसारखीच मागची बाजू बघत राहिली.

"कौन किया?"

"आमचे मास्टर. बरेलीचे."

"हाथ अच्छा है," ती म्हणाली. "अम्मी से अच्छा."

मग ती खाली प्लास्टिकवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भिंती रंगवणारे दोघे बाहेर निघून गेले. मी उभी होते. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण तो हक्क मला आता राहिलाय की नाही कळेना. थोड्या वेळानं ती उठली, तोंड धुवून आली आणि म्हणाली, "वो... निकालने वाला. है?"

रिपर माझ्या पर्समध्ये होता. तो नेहमीच असतो. मी दिला. तिनं कोपरा मांडीवर घेतला आणि मला समोर बसवून कापड ताणून धरायला लावलं. तिनं पहिला टाका कापला, मग दुसरा. लाल दोऱ्याचे तुकडे प्लास्टिकवर पडत होते. पाकळी मोकळी झाली तसा खालचा रंग दिसायला लागला. कोरा नव्हता. टोचलेला होता, किंचित गुलाबी झालेला. बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला माझा नमुना त्यापेक्षा जास्त तिच्या आईच्या कापडासारखा दिसत होता.

"हे असं चालेल का?" मी विचारलं. "म्हणजे तुमच्याकडे... पुरं झालेलं परत रिकामं केलं, तर ते सोडलेलं धरतात का?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला.

"मालूम नहीं, ओपा. ऐसा किसी ने किया नहीं. किससे पूछूँ? जिससे पूछना था वो नहीं है."

दुसरी पाकळी अर्धी झाली होती तेव्हा तिचा फोन वाजला. मुलगी होती. त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, पण आवाज लग्नघरातला होता, वरचा, घाईचा. ती हसली, कशाला तरी दोनदा नको म्हणाली, मग हो म्हणाली. बोलताना तिनं कोपऱ्यावर तळहात पालथा ठेवला होता, जसं काही मुलीला फोनमधून दिसेल. मी कापड तसंच ताणून धरलं होतं.

फोन ठेवल्यावर तिनं कोपऱ्यावरचा तळहात काढला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"नहीं," ती म्हणाली, आणि रिपर परत हातात घेतला.