अंगदचं इंग्रजी

पूर्णेत सुगंधाबाईला सगळे 'इंग्रजीण' म्हणत. खरं सांगायचं तर तिला इंग्रजी येत नव्हतं. येत होतं ते मी शिकवलेलं, आणि तेही हातात चाललेल्या कामाबद्दल बोलण्यापुरतं. काल काय झालं, उद्या काय होईल, हे शिकवायची वेळच आली नाही.

मी मास्तरीण होते त्या मुलींच्या शाळेत ती पाणी भरायची, घंटा द्यायची. पंचविशीची असेल. नवरा अंगद रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. धनगराच्या घरातला शिकलेला पहिलाच मुलगा. बाप बोरीकडे मेंढरं राखता राखता गेला, आणि आई केवळाबाई मुलाच्या नोकरीमागे पूर्णेला आली ती लोकर कातायची चाती कमरेला खोचूनच. अंगदला इंग्रजीची फार हौस. घरी आला की बूट काढता काढता सुरू: "आय ॲम कमिंग, आय ॲम वॉशिंग हँड्स." आईला अक्षर कळायचं नाही. पण ती चाती थांबवून ऐकत बसायची. बायकोला त्यानंच घरी शिकवून सातवीला बसवलं, आणि ती पास झाली.

पंचावन्न साली त्याला विषमज्वर झाला. सिकंदराबादच्या दवाखान्यात न्यावं लागलं. केवळाबाईनं त्याला पूर्णेच्या फलाटावर गाडीत बसलेलं पाहिलं, ते शेवटचं. तिकडेच गेला, तिकडेच अग्नी दिला. बरोबर सुगंधा होती, ती एकटी परत आली. आईनं मुलाचा देह पाहिला नाही. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला अडाणीपणा वाटेल.

सत्तावन्न साली औरंगाबादला नर्सच्या शिक्षणासाठी मुली घ्यायच्या होत्या. सातवी पास चालत होती. तोंडी परीक्षा मात्र होती, आणि तिथली मेट्रन एक चित्र दाखवून विचारायची, यातली माणसं काय करताहेत ते इंग्रजीत सांगा. ही बातमी मीच सुगंधाला दिली. ती घागर खाली ठेवून उभीच राहिली.

"बाई, मला शिकवा," म्हणाली. "सिकंदराबादला मी नुसती दाराशी हुभी होते. आत त्येंच्या संगट काय करायलेत, मला कायबी कळंना. मला आत जायचंय."

असं कुणी बोललं तर नाही कसं म्हणायचं?

शाळा सुटल्यावर आम्ही बसायला लागलो. व्याकरणाच्या पुस्तकात मराठी वाक्य होतं, 'मी पाणी भरीत आहे'. ते वाचून तिला हसू आवरेना.

"असं कोन बोलतं बाई?"

"पुण्याकडची माणसं."

"घागर डोक्यावर घिऊन? दम पुरतो त्येंला?"

मी पुस्तक मिटलं. तसंही ते रद्दीच्याच लायकीचं होतं. "मग तू काय म्हणशील?"

"पानी भरायलेय."

"झालं तर. आय ॲम फिलिंग वॉटर. तुझं 'भरायलेय' ते हेच. आता घरी जा, आणि जे काम हातात असेल ते करता करता मोठ्यानं बोल. मनात नाही, मोठ्यानं. जीभ वळली पाहिजे."

आणि पोरीनं ते अक्षरशः केलं. विहिरीवर, चुलीपुढे, झाडू मारताना. आय ॲम ब्रिंगिंग वूड. आय ॲम मेकिंग भाकर. भाकरीला इंग्रजी शब्द मी दिला नव्हता, मला तरी कुठे ठाऊक होता! विहिरीवरच्या बायका पोहरा सोडून बघत राहायच्या. शेजारची कडूबाई तर तोंडावरच म्हणायची, "काय गं मडमे, आज राणीचा सांगावा आला का?" सुगंधा तिलाही उत्तर द्यायची, "यू आर स्टँडिंग," आणि पुढे जायची. कडूबाईला ती शिवी वाटायची.

महिनाभरानं एक दिवस ती धड्याला आली ती खाली मान घालून.

"बाई, आत्याबाईंनी काल दुसरं ताट वाढलं."

आत्याबाई म्हणजे सासू, केवळाबाई. तिला तेव्हा दिसत फारसं नव्हतं, डोळ्यांत साऱ्याचा पडदा आला होता. सुगंधा भाकरी थापताना पुटपुटत होती, आणि म्हातारीनं चाती थांबवून विचारलं, "अंगद, आलास का बा?" सुगंधाला वाटलं, डुलकी लागली असेल. ती आपली पुढचं वाक्य म्हणाली. म्हातारी उठली, चाचपडत ताट घेतलं, मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "जेव. दोन वर्सं झाली."

कडूबाईला कळल्यावर तिनं देवऋषी आणायचं ठरवलं. नवऱ्यानं बायकोच्या अंगात ठाण मांडलं, काढलाच पाहिजे म्हणे. केवळाबाई काठी घेऊन दारात उभी राहिली. "त्याला काढायचं? माझ्या लेकाला? तुज्या घरात सासू बसलीय धा वर्सं, तिला काढ आधी!" कडूबाईची सासू जिवंत होती आणि ओसरीवर बसून हे ऐकत होती, म्हणून ते प्रकरण तिथंच मिटलं.

मग मी गेले. मला असल्या गोष्टींचा राग येतो. सरळ सांगितलं, "केवळाबाई, हा धडा आहे. मी शिकवलाय. तिला परीक्षेला बसायचंय."

"कसला इम्तेहान?"

"नर्सचा. औरंगाबादला."

म्हातारी लोकर पिंजत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचं हिंग्रजी मी ऐकलंय. पोरींवर खेकसताना. ते शाळेचं हाय. हे माझ्या अंगदचं हाय. आईला आवाज कळत न्हाई का?"

तिच्या बोलण्यात खरं होतं. सुगंधाच्या कानात इंग्रजी होतं ते नवऱ्याचंच. शब्द मी देत होते, हेल त्याचा लागत होता. 'वॉशिंग'वर जीभ अडकायची तीसुद्धा त्याच्यासारखी.

त्या घरी एक रीत राहिली होती. धनगरांत गेलेल्या माणसाचा टाक करतात, चांदीच्या पत्र्यावर आकृती ठोकून घेतात आणि देवांच्या ओळीत बसवतात. मग तो माणूस पूर्वज झाला, त्याला नैवेद्य लागतो, त्याची वाट कुणी बघत नाही. अंगदचा टाक त्याच दिवाळीत बसवायचा होता. सोनाराला सांगूनही झालं होतं. केवळाबाईनं निरोप पाठवून ते थांबवलं. "घरात बोलायलाय त्याचा टाक कसा बसवू?"

सुगंधानं धडे बंद केले नाहीत. घरी मात्र गप्प राहायला लागली. दोन दिवस म्हातारीनं वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी ताटावर बसली नाही. "रुसला का माझ्यावर?" एवढंच विचारत राहिली. शेवटी सुगंधानं चुलीपुढे बसून सांगितलं, "आय ॲम मेकिंग भाकर." मग म्हातारी जेवली.

"तिला खरं सांगून टाक," मी म्हटलं.

"किती वेळा सांगितलं बाई. म्हणतात, तुज्या तोंडून कोन बोलतंय तुला म्हाईत नसंल माय, त्याला म्हाईत हाय."

औरंगाबादचा दिवस आला. तयारी पक्की होती. कुठलंही चित्र पुढे टाका, ही सांगणार: बाई झाडते आहे, मूल रडते आहे, डॉक्टर हात धुतो आहे. मेट्रननं एवढंच विचारलं असतं. मी स्टेशनवर गेले तर केवळाबाई आधीच हजर. अडवायला नव्हती आली. सुगंधाच्या पदरात तिनं स्वतः भाकरी-चटणी बांधून दिली होती. शिक म्हणाली, मोठी हो म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

सुगंधा खिडकीशी बसली. म्हातारीनं खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"अंगद, बोल की जरा."

सुगंधानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल बाई, काय जातंय. ती म्हणाली, "आय ॲम सिटिंग."

गार्डानं शिट्टी दिली. म्हातारीचा हात सुटेना. ती रडली नाही, ओरडली नाही. खिडकीला तोंड लावून सुनेला विचारलं, "पुन्ना तिकडंच न्यायलीस का गं त्याला?"

गाडी हलायच्या आत सुगंधा खाली उतरली. बोचकं घेऊन, दारात उभ्या माणसांना ढकलत. मी तिचा दंड धरून गदागदा हलवला. "मूर्ख आहेस का? चढ! अजून चढ!" तिनं माझा हात हळूच सोडवला आणि सासूचा धरला. आम्ही तिघी फलाटावर, आणि गाडी परभणीकडे निघून गेली.

त्यानंतर तीन वर्षं ती शाळेत पाणी भरत होती आणि घरी रोज बोलत होती. तेवढंच इंग्रजी, तीच वाक्यं. मी पुढचं शिकवू म्हटलं, तर म्हणाली, "नगं बाई. त्येंला येवढंच लागतं." मी चिडून बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

साठ साली केवळाबाई अंथरुणाला खिळली. सरकारी दवाखान्यात नवी नर्स आली होती, सुई टोचायला घरी यायची. औरंगाबादला शिकलेली, प्रभावती नावाची, चुणचुणीत मुलगी. शेवटच्या दिवशी मी तिथंच होते. म्हातारी डोळे मिटून हात चाचपडत होती. सुगंधानं तो हात घेतला आणि कानाशी लागून म्हणाली, "आय ॲम सिटिंग हिअर. आय ॲम सिटिंग हिअर." म्हातारीचा हात शांत झाला. थोड्या वेळानं श्वासही.

प्रभावती नाडी सोडून उठली. डोळे पुसत तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला तर इंग्रजी येतं! मग ट्रेनिंगला का नाही आलात?"

सुगंधा सासूच्या मुठीतून आपली बोटं सोडवत होती.

"गाडी चुकली," म्हणाली.

त्या दिवाळीत तिनं सोनाराकडून दोन टाक करून आणले, आईचा आणि लेकाचा, आणि शेजारी शेजारी बसवले. नैवेद्याला मला बोलावलं होतं. तिनं पानं मांडली, पाणी फिरवलं, हात जोडले. कडूबाई दारातून डोकावून म्हणाली, "आगं इंग्रजीण, आज बोलंनास?"

सुगंधानं भाकरीचा तुकडा मोडून दोघांपुढं ठेवला आणि म्हणाली, "आता कुनाला ऐकवू?"