बादलीचं हेल्मेट

आमच्या समोरच्या बाई रागातच जन्मल्या असाव्यात. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या मजल्यावर सकाळ व्हायची ती त्यांच्या "नाही म्हणजे काय?" या गर्जनेने. सोसायटीच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेत त्यांच्या लेकीला सिनेमातला अंतराळवीर व्हायचं होतं. भाड्याचा ड्रेस महाग, म्हणून बाईंनी जुन्या बादलीला डोळ्यांची भोकं पाडून चंदेरी कागद चिकटवला.

स्टेजवर सेक्रेटरी माइकमध्येच हसले, "अगं, ही तर बादली! चालणार नाही."

लेकीने रडत ती काढली. मी देवाच्या कृपेने पहिल्या रांगेत होतो. बाई तरातरा वर चढल्या आणि भोकं मागे ठेवून बादली सेक्रेटरींच्याच डोक्यात घातली.

"हसा आता आतून!"

त्या वरून धपाटा घालणार, तोच लेक डोळे पुसत गरजली, "चालणार नाही म्हणजे काय? काका, द्या माझं हेल्मेट!"