सात नंबरचा ताप

सातपूरच्या एका कारखान्यात मी सशांचा ताप मोजायचे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, सशांना ताप येतो का? येतो. आम्हीच आणायचो, आणि नाही आला की हुश्श करायचो. या सगळ्या प्रकरणात माझं डोकं तेव्हाही चाललं नाही आणि आजही चालत नाही, तेव्हा शेवटी मी काहीतरी शहाणपणाचं बोलेन अशी आशा धरून बसू नका.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कारखान्यात सलाईनच्या काचेच्या बाटल्या भरायचे. एक बॅच तयार झाली की तिच्यातलं पाणी तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि पुढचे तीन तास, दर अर्ध्या तासाला, त्यांचा ताप बघायचा. पाण्यात काही दोष असला तर सशाला ताप चढतो. तेच पाणी माणसाला दिलं असतं तर त्याला हुडहुडी भरली असती. तिघांपैकी एकाला जरी चढला तरी आणखी पाच सशांवर पुन्हा सगळं करायचं. कुणालाच नाही चढला तर बॅच पास. ससे लाकडी खोड्यात मान अडकवून ओळीनं बसलेले असायचे, आणि थर्मामीटर कुठे घालायचा ते तुम्ही ओळखलंच असेल. तो मीच घालायचे, मीच वाचायचे आणि रजिस्टरात मीच लिहायचे. खाली साहेब सही करायचे.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे केमिस्ट. कुजबुजल्यासारखं बोलायचे, कारण आवाजानं ससे दचकतात आणि दचकलेल्या सशाचा ताप खरा नसतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, एकच गोष्ट करायची नाही. नाव ठेवायचं नाही कुणाला." मी म्हटलं, बरं. प्रत्येकाच्या कानात नंबर गोंदलेला होताच. सात नंबरला मी सातच म्हणायचे, पण रोज हाक मारली की नंबराचंही नावच होतं, त्याला मी काय करू?

सात काही देखणा नव्हता. एक कान कायमचा पडलेला. मखमलाबादच्या मळ्यांतून कोबीचा पाला यायचा, तो टाकला की बाकीचे तुटून पडायचे. हा आधी माझ्या बाहीवर हनुवटी घासायचा आणि मग खायचा. ते प्रेम नव्हे, मालकीची खूण करतो तो, असं साहेबांनी मला समजावलं. असू दे की. मला तेवढंही पुरत होतं.

आम्ही नाशिकरोडच्या वस्तीत राहायचो, आई आणि मी दोघीच. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई मूळची दिंडोरीकडची. रविवारी विहारात सगळ्यांकडून पंचशील तीच म्हणवून घ्यायची, कारण तिचा आवाज खणखणीत. पहिलं शील जीवहिंसा न करण्याचं. मला नोकरी लागली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मारत्यात का त्यास्नी?" मी म्हटलं, "नाही गं, ताप मोजतात फक्त." "मंग दवाखानाच हाय की," म्हणाली, आणि चुलीवरच्या मटणाचं झाकण काढून बघायला गेली. हो, मटण. सकाळी शील आणि दुपारी मटण, आमच्या घरात त्या दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं. मी बोटं चाटून खायचे. मग सशाचाच एवढा पुळका कशाला, हे मला विचारू नका. स्वतःला विचारून मी थकले आहे.

"ताप मोजतात फक्त" हे अर्धंच खरं होतं. आमच्याकडचा नियम असा, की सशाला एकदा ताप चढला तर काही आठवडे विश्रांती. दुसऱ्यांदा चढला की तो बाद. कारण त्याच्या अंगाला सवय होते. पुढे खराब पाणी टोचलं तरी त्याला ताप येत नाही, आणि त्याच्या भरवशावर आपण ते पाणी माणसांना पाठवून देऊ. बाद झालेल्या सशाच्या कानाच्या त्याच शिरेत साहेब सुईनं नुसती हवा सोडायचे, की तो संपला. इमारतीच्या मागे एक खड्डा होता. सातला एकदा ताप येऊन गेला होता, आणि दुसरी वेळ कधी येते या धाकात मी असायचे.

ती आली. त्या दिवशीच्या तिघांत सात होता. पहिल्या दोघांचा पारा जरा वर, पण हद्दीत. सातचा थर्मामीटर काढला, तर पारा हद्दीबाहेर. झटकला, पुसला, पुन्हा लावला. तेवढाच. खोड्यात तो थरथरत होता. मी त्याचा कान धरला, तर एरवी ऊबदार असणारा कान, ताप चढताना पडतो तसा, गार पडलेला. साहेब पलीकडे पाठ करून उभे होते. पारा हद्दीच्या पाच बारीक रेघा वर होता. त्या पाच रेघा मी खाल्ल्या आणि कमी आकडा लिहिला. पुढच्या दोन वेळांनाही तसंच केलं. साहेबांनी सही केली, बॅच पास झाली. मला वाटलं, आज मी शील पाळलं. खरंच वाटलं, त्यात ढोंग नव्हतं. घरी जाताना बसमध्ये मी चक्क गुणगुणत होते. सांगायला लाज वाटते, पण होते.

पास झालेली बॅच लगेच बाहेर जात नसे. जंतूंच्या दुसऱ्या चाचणीचा निकाल यायला चौदा दिवस लागायचे, तोवर बाटल्या गोदामात. मी त्या दिवसांचा विचारही केला नाही. सात पाला खात होता, माझ्या बाहीला हनुवटी घासत होता, मला आणखी काय हवं होतं?

दहाव्या दिवशी पहाटेपासून आईला जुलाब आणि उलट्या. उजाडल्यावर शेजारणीच्या मदतीनं तिला सिव्हिलमध्ये नेलं तेव्हा तिचे डोळे आत गेले होते, जिभेला कोरड पडली होती. सिस्टरनं सलाईन लावलं. बाटली निम्मी झाली असेल नसेल, आईचे दात वाजायला लागले. खाट हलायला लागली. मी तिचा हात धरायचा तर कान धरला. का कोण जाणे, कानच धरला. तो गार होता.

"सिस्टर, बाटली बंद करा," मी ओरडले. सिस्टर धावत आली, नळी बंद केली, इंजेक्शन दिलं, दोन घोंगड्या टाकल्या. "होतं असं कधी कधी," ती म्हणाली, "एखादी बाटली बाधते." मी लेबल वाचलं. बाटली आमची नव्हती, दुसऱ्याच कुठल्या तरी गावची. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिथेही कुणीतरी माझ्यासारखीच असेल, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. मग सिस्टरनं दुसरी बाटली आणली, आणि ती निघाली आमच्या कारखान्याची. बॅच जुनी, तिचे आकडे मीच लिहिलेले, खरे आकडे. कुठल्या तीन सशांचे, ते आठवेना.

आई घोंगडीतून माझ्याकडे बघत होती. "ही लावू देऊ का गं?" तिनं विचारलं. डॉक्टरला नाही, सिस्टरला नाही, मला. मी म्हटलं, "लावू दे." दुपारपर्यंत तिच्या तोंडावर तरतरी आली आणि ती शांत झोपली. शेजारणीला तिच्यापाशी बसवून मी सातपूरची बस पकडली.

साहेब डबा खात होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला.

"किती रेघा?"

"पाच."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

मला वाटलं, आता हाकलतील, आणि हाकललं असतं तर काही चूक नव्हती. ते म्हणाले, "उद्या सकाळी पाच ससे उपाशी ठेवा." त्या बॅचचं पाणी टोचल्यावर पाचांपैकी चौघांना ताप चढला. सगळी बॅच ओतून टाकली. त्यातली एकही बाटली कुणाच्या अंगात गेली नाही, हे मी आजही मध्येच स्वतःला सांगत असते. चौघांपैकी दोघांची दुसरी वेळ होती. सात धरून तिघे बाद. मी पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तरी हे तिघे गेलेच असते. म्हणजे माझ्या खोट्यानं सातला काय मिळालं, तर दहा-बारा दिवसांचा कोबीचा पाला. आणि तेवढ्यासाठी मी कुणाकुणाच्या आईला खाटेवर थडथडवायला निघाले होते.

बाद सशाला धरायचं काम एरवी दुसरा एक कामगार करायचा. साहेब मला म्हणाले, "सातला तुम्ही धरा. तुमच्यापाशी तो हलत नाही." ती शिक्षा होती की दया, मला आजतागायत कळलेलं नाही. मी मांडीवर घेतला. त्यानं सवयीनं माझ्या बाहीवर हनुवटी घासली, एकदा, दोनदा. साहेब सुई हातात घेऊन त्याचं घासून होईपर्यंत थांबले. मग त्याचा कान मी धरला.

नोकरी राहिली. दुसऱ्या दिवसापासून थर्मामीटर दोघांनी वाचायचा असं ठरलं. आईच्या दुसऱ्या बाटलीची बॅच कुठल्या सशांवर बघितली होती, ते रजिस्टर उघडलं असतं तर मिनिटात कळलं असतं. मी ते उघडलं नाही.

आई घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं, हवा सोडतात तेही. रविवारी विहारात तिनं पंचशील सुरू केलं, आणि पहिल्या शीलाला माझं तोंडच उघडेना. तिच्या ते लक्षात आलं. ती मध्येच थांबली. सगळे आमच्याकडे बघायला लागले.

"म्हण," ती म्हणाली.

"माझ्यानं नाही म्हणवत, आई."

"सशांच्या जिवावरची बाटली कुणाच्या अंगात गेली? माझ्या का तुझ्या? मी म्हणू ऱ्हायले ना? मंग म्हण माझ्यासंगं."

तिनं पहिल्यापासून सुरू केलं. तो खणखणीत आवाज दोनदा अडखळला, पण तिनं म्हटलं, आणि तिच्यामागून मी म्हटलं. त्या दुपारी आमच्या घरी मटण शिजलं नाही. पुढच्या रविवारी शिजलं. आईनं वाढलं, मी खाल्लं, आणि जेवण होईपर्यंत दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.