सुलभावहिनींची म्हैस आणि पाच गिधाडं

म्हैस मेली त्या दुपारी मी शेजारच्या सुलभावहिनींबरोबर डोंगराखालच्या मोकळ्या जागेवर गेलो होतो. आमच्या गावात मेलेली गुरं तिथं गिधाडांसाठी ठेवतात. बेहड्याच्या झाडावर पाच गिधाडं आधीच येऊन बसली होती.

टेम्पोतून म्हैस उतरवल्यावर वनरक्षक दत्तारामने विचारलं, "वहिनी, आजारात दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं काय?"

"नाही," वहिनी चटकन म्हणाल्या.

दत्ताराम त्यांच्याकडे बघत उभाच राहिला. ते औषध मांसातून पोटात गेलं, तर गिधाड चार दिवसही जगत नाही; असं जनावर पुरावंच लागतं. एके काळी आभाळभर घिरट्या घालणारा हा पक्षी आता एका बाईच्या खऱ्याखोट्या उत्तरावर जगणार होता. वर पंख फडफडले.

वहिनींनी म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला. "दिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "परवा दिवसभर कण्हत होती, बघवेना मला. आता एवढा खड्डा कोण खणणार, म्हणून खोटं बोलले."

"मी खणतो ना," दत्ताराम म्हणाला.

आम्ही तिघंही खणायला लागलो. वहिनींनी दिलेलं औषध मायेचंच होतं, आणि तेच या पाच जिवांचा काळ ठरलं असतं. खड्डा अर्धा झाला तेव्हा एक गिधाड उतरून म्हशीच्या अगदी जवळ आलं. वहिनी फावडं आपटत त्याच्या अंगावर धावल्या.

"उपाशी राहा आज," त्या रडत ओरडल्या, "पण राहा रे!"